सर्वांत वाईट क्षणाचे गणित मांडणारा अभियंता

मडगावहून उत्तरेकडे निघालेली रेल्वे मुंबईची उपनगरे मागे टाकते, दमणगंगा, पार, अंबिका, पूर्णा या नद्या ओलांडते आणि उधना स्थानकाजवळ येताच यंत्रमागांच्या वस्तीत शिरते. सुरत शहराच्या उधना, पांडेसरा, लिंबायत या भागांत खानदेशातून पोटासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तिथल्या मागावरच्या कामगाराला बहुधा महिन्याचा ठरलेला पगार नसतो. विणलेल्या कापडाच्या मीटरवर त्याची मजुरी मोजली जाते. माग थांबला की मजुरीही थांबते. आणि तो माग ज्या विजेवर चालतो, ती वीज गल्लीच्या तोंडाशी दोन खांबांवर बसवलेल्या एका करड्या लोखंडी पेटीतून येते. बोलण्यात आपण तिला ट्रान्सफॉर्मर म्हणतो, वीज कार्यालयाच्या मराठीत तिला रोहित्र म्हणतात.

अशी पेटी गोव्याच्याही प्रत्येक वाड्यावर आहे. मृगाच्या पहिल्या पावसात माडाचे चुडत तारांवर कोसळते, दोन तारा एकमेकींना भिडतात, कुठेतरी मोठा आवाज होतो आणि सारा वाडा अंधारात बुडतो. बहुतेक वेळा तासाभरात दिवे परत येतात, कारण पेटीने तो धक्का सोसलेला असतो. कधी मात्र पेटी आतून निकामी होते आणि मग दिवस मोजावे लागतात. हा फरक नशिबाचा नसून गणिताचा आहे. ते गणित ज्यांनी पायाशुद्ध केले त्यांच्या पहिल्या रांगेत एका बुटक्या, कुबड असलेल्या, देशोधडीला लागलेल्या माणसाचे नाव घ्यावे लागते. ते नाव चार्ल्स प्रोटिअस स्टाइनमेट्झ.

स्टाइनमेट्झ यांचा जन्म 9 एप्रिल 1865 रोजी ब्रेस्लाव येथे झाला. तेव्हा हे शहर प्रशियात होते, आज ते पोलंडमध्ये असून व्रोत्सवाफ या नावाने ओळखले जाते. जन्मनाव कार्ल ऑगस्ट रुडॉल्फ. वडील रेल्वेच्या कचेरीत शिळाछापाचे काम करीत. पाठीचे कुबड आणि खुरटलेली अंगकाठी हा वडील व आजोबांकडून आलेला वारसा होता. मूल वर्षाचे होते न होते तोच आई वारली आणि त्याचा सांभाळ आजीने केला. मोठेपणीही त्यांची उंची जेमतेम चार फुटांच्या घरात राहिली. शरीराने दिलेली ही उणीव बुद्धीने मात्र भरून काढली. 1883 मध्ये त्यांनी ब्रेस्लाव विद्यापीठात प्रवेश घेतला आणि गणित, खगोलशास्त्र व भौतिकशास्त्र या विषयांत ते रमून गेले. तिथल्या मित्रमंडळाने त्यांना प्रोटिअस हे टोपणनाव दिले. ग्रीक पुराणातला हा सागरदेव हवे ते रूप धारण करतो.

त्याच विद्यापीठात त्यांना समाजवादाची ओढ लागली. जर्मनीत तेव्हा बिस्मार्कचे समाजवादविरोधी कायदे लागू होते. सभा, संघटना आणि वृत्तपत्रे यांच्यावर पोलिसांची करडी नजर असे. तरुण स्टाइनमेट्झ समाजवादी पत्राच्या संपादनात गुंतले आणि 1888 मध्ये, डॉक्टरेटचा प्रबंध जवळजवळ पूर्ण झालेला असताना, अटकेची चाहूल लागताच त्यांना गाव सोडावे लागले. पदवी हातची गेली. झुरिक येथे काही काळ यंत्रशास्त्राचा अभ्यास करून 1889 मध्ये ते एका डॅनिश मित्रासोबत बोटीने न्यूयॉर्कला पोहोचले. खिशात पैसा नाही, इंग्रजी येत नाही आणि शरीर असे. हा माणूस देशावर भार होईल अशी शंका बंदरावरच्या अधिकाऱ्यांना आली आणि त्याला परत पाठवण्याची वेळ आली. तेव्हा बरोबरच्या मित्राने त्याची जबाबदारी घेतली आणि दार उघडले. दारावर कोणाला अडवावे आणि कोणाला आत घ्यावे, याचा निर्णय केवळ बाह्य रूपावरून करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेने ही घटना लक्षात ठेवावी अशी आहे.

न्यूयॉर्कजवळच्या यॉन्कर्स गावी रुडॉल्फ आइकमायर या जर्मन वंशाच्या कारखानदाराने त्यांना आठवड्याला 12 डॉलरवर आराखडे काढण्याच्या कामावर घेतले. आइकमायर स्वतः 1848-49 च्या जर्मन क्रांतीनंतर अमेरिकेत आलेले, त्यामुळे परागंदा तरुणाचे दुःख त्यांना निराळे समजावून सांगावे लागले नसावे. त्या काळी विजेची यंत्रे बांधणे हे बरेचसे अंदाजाचे काम होते. दिशा सतत बदलणारा प्रवाह वेटोळ्यातून वाहू लागला की आतले लोखंड पुन्हा पुन्हा चुंबकित होते आणि त्यात काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. ती किती वाया जाईल हे यंत्र पूर्ण बांधून चालवल्यावरच कळे. तोवर पैसा आणि श्रम खर्ची पडलेले असत. स्टाइनमेट्झ यांनी असंख्य मोजमापे करून या नुकसानीचा नियम शोधला. चुंबकत्वाची घनता वाढली की नुकसान तिच्या 1.6 व्या घाताच्या प्रमाणात वाढते, हे त्यांनी 1892 मध्ये अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. तेव्हा ते 27 वर्षांचेही झाले नव्हते. यंत्र बांधण्याआधी कागदावर त्याचे भवितव्य पाहता येते, ही जाणीव या नियमाने अभियंत्यांना दिली.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्यांनी दुसरी देणगी दिली. प्रत्यावर्ती प्रवाहाची गणिते तोवर अतिशय किचकट होती. क्षणोक्षणी बदलणाऱ्या राशींशी झुंजावे लागे. उणे एकाचे वर्गमूळ ही गणितज्ञांची काल्पनिक संख्या वापरून तेच प्रश्न साध्या बीजगणितासारखे सोडवता येतात, हे त्यांनी दाखवले. फर्मागुढीच्या गोवा अभियांत्रिकी महाविद्यालयात असो वा सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत, विद्युत शाखेचा विद्यार्थी आजही पहिल्याच वर्षात जे हे अक्षर लिहून मंडले सोडवतो, तो स्टाइनमेट्झ यांनीच रूढ केलेल्या वाटेने चालत असतो.

दरम्यान नव्याने उभ्या राहिलेल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीने आइकमायर यांचा व्यवसाय विकत घेतला आणि त्याबरोबर स्टाइनमेट्झही तिकडे गेले. 1894 पासून स्केनेक्टडी हे गाव त्यांची कर्मभूमी झाले. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्यांनी चार्ल्स हे नाव स्वीकारले आणि त्याला विद्यार्थिदशेतले प्रोटिअस हे टोपणनाव जोडले. 1901 मध्ये ते विद्युत अभियंत्यांच्या त्याच संस्थेचे अध्यक्ष झाले. 1902 पासून अनेक वर्षे युनियन कॉलेजात त्यांनी विद्युत अभियांत्रिकी शिकवली. ज्याची डॉक्टरेट पोलिसांच्या भीतीने अर्धवट राहिली होती, त्याला हार्वर्डने सन्मानाची पदवी दिली.

याच काळात वीजव्यवस्थेसमोर एक नवे संकट उभे राहत होते. आरंभीची वीजकेंद्रे लहान होती, त्यामुळे कुठे शॉर्ट सर्किट झाले तरी त्यामागे लोटणारी शक्ती मर्यादित असे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात वाफेची प्रचंड जनित्रे आली, केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि एका ठिकाणी तारा भिडल्या की साऱ्या जाळ्याची ताकद त्या एका बिंदूकडे धावू लागली. रोहित्रे जळत, पण त्याहून चमत्कारिक गोष्ट म्हणजे कित्येकदा ती जळण्याआधीच मोडत. आतली तांब्याची वेटोळी पिळवटलेली, सरकलेली, फाटलेली सापडत. जणू कोणी आत शिरून घण घातले असावेत.

हा घण कुठून येतो? रोहित्रात लोखंडी गाभ्याभोवती दोन वेटोळी असतात. आतले कमी दाबाचे, बाहेरचे जास्त दाबाचे. दोन्हींतील प्रवाह परस्परविरुद्ध दिशेने वाहतात आणि असे प्रवाह एकमेकांना दूर लोटतात. नेहमीच्या भारात हे लोटणे इतके क्षीण असते की त्याची दखलही घ्यावी लागत नाही. आपल्या गल्लीतल्या 100 केव्हीएच्या रोहित्राचे उदाहरण घेऊ. त्याच्या कमी दाबाच्या बाजूचा पूर्ण भाराचा प्रवाह सुमारे 133 अँपिअर असतो. रोहित्राचा अंतर्गत अडथळा साडेचार टक्के असेल, तर त्याच्या तोंडाशीच शॉर्ट सर्किट झाल्यास प्रवाह सुमारे 22 पट होतो, म्हणजे 3000 अँपिअरच्या जवळ जातो. बल मात्र प्रवाहाच्या वर्गाने वाढते. प्रवाह 22 पट, तर बल 490 पट. त्यातही पहिल्या अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात, प्रवाहाची उसळी याहून उंच जाऊ शकते आणि तेव्हा बल आणखी दुपटी-तिपटीने वाढते. बाहेरचे वेटोळे फुटू पाहते, आतले गाभ्यावर चेपले जाते. दोहोंची उंची तंतोतंत जुळलेली नसेल, तर एक वर आणि दुसरे खाली ढकलले जाते.

हे बल प्रत्येक वेढ्यावर वेगवेगळे मोजून त्याची बेरीज करायची म्हटले तर आयुष्य पुरणार नाही. 1911 साली अमेरिकी विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या ग्रंथात प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे 1917 च्या त्यांच्या ग्रंथात विस्ताराने आलेल्या विवेचनात स्टाइनमेट्झ यांनी यावर एक सुबक तोड काढली. वेढ्यांकडे पाहूच नका, ऊर्जेकडे पाहा. दोन वेटोळ्यांच्या मधल्या फटीत एक चुंबकक्षेत्र कोंडलेले असते. दोन्ही वेटोळी एकमेकांवर येऊन बसली अशी कल्पना केली, तर ते क्षेत्र नाहीसे होईल. या दोन स्थितींतील ऊर्जेचा फरक काढला आणि वेटोळ्यांमधले अंतर ठाऊक असले, की बल आपोआप हाती येते. दाब, प्रवाह, वारंवारता आणि अंतर एवढ्याच चार गोष्टींची त्यासाठी गरज. चारही गोष्टी यंत्र बांधण्याआधीच कागदावर असतात.

या गणिताने आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. वेटोळ्यांच्या फटीतून निसटणारे चुंबकक्षेत्र हा तोवर दोषच समजला जाई, कारण त्यामुळे भार वाढताच दाब थोडा पडतो आणि दिवे किंचित मंदावतात. म्हणून निर्माते ते कमीत कमी ठेवण्यासाठी झटत. परंतु शॉर्ट सर्किटच्या क्षणी प्रवाहाला आवर घालणारे दुसरे कोणी नसते, ही गळतीच त्याला आवरते. ती जितकी कमी, तितका प्रवाह बेफाम. रोजच्या दिवसाची शोभा आणि एखाद्या दिवसाचा बचाव यांत तडजोड करावी लागते, आणि ती समजून उमजून करावी, हा धडा यातून मिळाला. याच विचाराचा पुढचा टप्पा म्हणून मोठ्या वीजकेंद्रांत जाणूनबुजून प्रवाहाला अडथळा करणारी वेटोळी बसवावीत असा आग्रह त्यांनी धरला आणि शिकागोसारख्या शहरांच्या वीजव्यवस्थेत तो स्वीकारला गेला.

आजचे रोहित्र याच विचारावर बांधले जाते. वेटोळी शक्यतो गोल ठेवतात, कारण गोल आकारावर ताण सर्वत्र सारखा पडतो. चौकोनी आकाराचे कोपरे आधी हार मानतात. दोन्ही वेटोळ्यांची उंची आणि मध्य नीट जुळवतात. कमी दाबाच्या बाजूला अनेकदा तारेऐवजी रुंद पत्रा गुंडाळतात. त्यामुळे वरखाली ढकलणारे बल बरेच कमी होते. मधले दाबीव पुठ्ठ्याचे आधार चांगले वाळवून, आधीच दाबून घेतात, कारण दमट पुठ्ठा कालांतराने आक्रसतो आणि वेटोळे सैल पडते. सैल वेटोळ्याला पहिला धक्का हलवतो, दुसरा किंवा तिसरा मोडतो. म्हणूनच नादुरुस्त रोहित्राचे वेटोळे कुठेतरी घाईने पुन्हा गुंडाळून घेतले आणि हे आधार तसेच सैल ठेवले, तर ती पेटी चालू झालेली दिसते खरी. पण पुढच्या पावसाळ्यापर्यंतच.

सुरतेहून दीडशे किलोमीटरवर बडोद्याला असलेल्या एर्डा या संशोधन संस्थेत आणि बेंगळुरूच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेत नव्या रोहित्रांची अग्निपरीक्षा होते. कमी दाबाच्या बाजूची टोके मुद्दाम एकत्र जोडतात आणि दुसऱ्या बाजूने वीज सोडतात. तीन फेजच्या रोहित्रावर असे एकूण नऊ आघात करतात, प्रत्येक जेमतेम अर्ध्या सेकंदाचा. नंतर अंतर्गत अडथळा पुन्हा मोजतात. गोल वेटोळ्यांच्या बाबतीत त्यात दोन टक्क्यांहून अधिक फरक आढळला, तर आत काहीतरी हलले असे समजून रोहित्र नापास होते. डोळ्यांना न दिसणारी हालचाल ज्या आकड्यातून ओळखतात, त्याच आकड्याला स्टाइनमेट्झ यांनी शतकापूर्वी या प्रश्नाच्या केंद्रस्थानी आणले होते.

प्रयोगशाळेबाहेरचे स्टाइनमेट्झ यांचे जीवनही तितकेच निराळे होते. आपले व्यंग पुढच्या पिढीला जाऊ नये म्हणून त्यांनी लग्न केले नाही. परंतु एकटे राहणे त्यांच्या स्वभावात नव्हते. जोसेफ हेडन हा त्यांचा तरुण सहायक लग्नानंतर पत्नीसह त्यांच्याच घरी राहायला आला. स्टाइनमेट्झ यांनी त्याला दत्तक घेतले आणि त्याची तीन मुले त्यांची नातवंडे झाली. घराला जोडून त्यांनी काचगृह बांधले, त्यात निवडुंग वाढवले, मगरीची पिल्ले पाळली. उन्हाळ्यात मोहॉक नदीकाठच्या झोपडीत जात आणि होडीत आडवी फळी टाकून तिच्यावर कागद पसरून तासन् तास गणिते करीत. तोंडात सिगार असे. हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील बिघडलेल्या जनित्रावर खडूची एक रेघ मारून त्यांनी हजारो डॉलरचे बिल लावले, ही कथा आपल्याकडेही फिरत असते. ती दंतकथा म्हणूनच घ्यावी. त्यांची खरी कामगिरी एका रेघेत मावणारी नव्हती. ती हजारो मोजमापांच्या चिकाटीतून आली होती.

ज्या विचारासाठी मायभूमी सोडावी लागली, तो विचार त्यांनी अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या भांडवलदार कंपन्यांपैकी एकीत राहूनही सोडला नाही. 1911 च्या निवडणुकीत स्केनेक्टडीत समाजवादी नगराध्यक्ष निवडून आला, तेव्हा स्टाइनमेट्झ शिक्षण मंडळाचे अध्यक्ष झाले आणि शिकण्यात मागे पडणाऱ्या मुलांसाठी वेगळे वर्ग, मैदाने अशा गोष्टींत त्यांनी लक्ष घातले. 1922 मध्ये त्यांनी रशियाच्या विद्युतीकरणासाठी मदतीची तयारी दर्शवणारे पत्र लेनिन यांना लिहिले. लेनिन यांनी उत्तरासोबत आपले छायाचित्र पाठवले. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याच्या अभियंतापदाची निवडणूक ते लढले आणि हरले. विजेमुळे माणसाचे कष्ट इतके कमी होतील की एक दिवस चार तासांचे काम पुरेसे ठरेल, असा त्यांना विश्वास होता.

शेवटच्या वर्षांत त्यांनी शॉर्ट सर्किटच्या एका मोठ्या कारणाकडे मोर्चा वळवला. 1920 मध्ये नदीकाठच्या त्यांच्या झोपडीवर वीज कोसळली आणि आतला आरसा फुटला. त्यांनी आरशाचे तुकडे गोळा करून पुन्हा जुळवले आणि विजेने कोणता मार्ग घेतला याचा अभ्यास केला. 1922 मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत 1,20,000 व्होल्टची कृत्रिम वीज निर्माण करून दाखवली. तिच्या आघातात लाकडाच्या ठिकऱ्या उडत. आकाशातली वीज तारांवर कोसळली तर उपकरणे कशी टिकतील, हे पाहण्यासाठी आता पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते. पुढल्या वर्षी पश्चिम किनाऱ्याचा दौरा करून ते थकून घरी परतले आणि 26 ऑक्टोबर 1923 रोजी सकाळी अंथरुणातच हृदय थांबून त्यांचे निधन झाले. वय अवघे 58. नावावर सुमारे 200 पेटंट होती.

आपण यंत्राची पारख बहुधा त्याच्या चांगल्या दिवसावरून करतो. आवाज होत नाही, दिवे लागतात, बिल येते. स्टाइनमेट्झ यांनी अभियंत्याला वाईट दिवसाचा हिशेब आधी मांडायला शिकवले. सेकंदाच्या शंभराव्या भागात जे घडेल त्यासाठी पंचवीस वर्षांची तयारी करायला शिकवले. निविदेत सर्वांत कमी दराची पेटी निवडली जाते, दुरुस्तीत पुठ्ठ्याचे आधार वाळवायला वेळ नसतो, तेव्हा वाचलेले पैसे वहीत दिसतात. त्याची किंमत मात्र दुसऱ्याच कोणाच्या वहीत उतरते. ती वाड्यावरच्या दवाखान्यातल्या लसींच्या फ्रीजची असते, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यासाला बसलेल्या मुलीची असते आणि उधन्याच्या गल्लीत बारा तासांच्या पाळीवर उभ्या असलेल्या, मीटरवर मजुरी मोजून घेणाऱ्या विणकराची असते. चार तासांच्या कामाचे स्टाइनमेट्झ यांचे स्वप्न त्याच्यापर्यंत अजून पोहोचलेले नाही. त्याचा माग निदान रोहित्रापायी थांबू नये, एवढी सोय मात्र ते 1911 सालीच करून गेले आहेत.